सीटवरची चकाकी: मळ चढलाय की रेक्झिन झिजलंय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर लगेच कळेल. सात वर्षांची गाडी, आतलं रेक्झिन काळं आणि मुळात मॅट. आता ड्रायव्हरच्या सीटच्या दाराकडच्या उंचवट्यावर, दारावरच्या आर्मरेस्टवर आणि स्टिअरिंगवर तुकतुकीत पट्टे पडलेत. शाम्पूने पुसून झालं, क्लीनरचा स्प्रे मारून झाला, पांढऱ्या मॅजिक स्पंजने घासून झालं, शेवटी डॅशबोर्ड पॉलिशही लावून पाहिलं. दोन दिवस बरं दिसतं, मग पुन्हा तेच. आणि तुम्ही विचारताय की याहून कडक काय वापरू?

कडक काही शोधू नका. ते पट्टे कशाचे आहेत हेच अजून ठरलेलं नाही, खरी अडचण तिथे आहे. रेक्झिनवर चकाकी येण्याची दोन अगदी उलट कारणं असतात. एकतर वर काहीतरी चढलेलं असतं, नाहीतर वरचं काहीतरी गेलेलं असतं. चढलेलं असेल तर ते निघतं. गेलेलं असेल तर घासून परत येत नाही, उलट घासाल तेवढं आणखी जातं. गाड्यांच्या आतली सफाई आणि सीटा पुन्हा रंगवून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. ‘डाग काही केल्या निघत नाही’ म्हणून ज्या सीटा येतात, त्यांतल्या पुष्कळशा मूळ डागापेक्षा तो काढण्याच्या खटपटीनेच जास्त बिघडलेल्या असतात.

हे नीट समजायला सीटचं रेक्झिन आतून कसं असतं ते पाहू. सगळ्यात खाली विणलेलं कापड. त्यावर बहुधा फोमसारखा पातळ थर. त्यावर रंगीत पीव्हीसी, आणि त्यावर गरम रोलरने दाबून उठवलेला दाणा, म्हणजे ते चामड्यासारखं दिसणारं टेक्स्चर. पण गोष्ट इथे संपत नाही. सगळ्यात वर एक पारदर्शक लेप असतो, पॉलियुरेथेन किंवा अॅक्रिलिकचा, इतका पातळ की त्याची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, मोजतात. रेक्झिन मॅट दिसतं ते या लेपामुळे. त्यात सिलिकासारखे अतिशय बारीक कण मिसळलेले असतात. त्यांच्यामुळे पृष्ठभाग डोळ्यांना न दिसणारा खडबडीत राहतो आणि त्यावर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो. उजेड विखुरला की मॅट, एकाच दिशेला परतला की चकाकी.

आता या खडबडीत पृष्ठभागाचं दोनच प्रकारे बिघडू शकतं. त्याचे खळगे भरतील, किंवा त्याचे उंचवटे झिजतील. दोन्ही वेळा पृष्ठभाग सपाट होतो आणि डोळ्यांना एकसारखाच दिसतो. जुन्या पँटची बसायची जागा चकाकायला लागते ना, ती कितीही धुतली तरी जात नाही, कारण तिथे मळ नसतोच, धागेच झिजून चपटे झालेले असतात. सीटच्या उंचवट्यावर बऱ्याचदा हेच चाललेलं असतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. चकाकी मोजायला ग्लॉसमीटर नावाचं यंत्र असतं, ते साधारण ६० अंशांच्या कोनातून उजेड टाकून परत किती आला ते मोजतं. पॉलिश केलेल्या काळ्या काचेला १०० धरतात. गाडीच्या आतले भाग या मापावर मुद्दाम अगदी खालच्या एक आकडी पातळीवर ठेवलेले असतात, विशेषतः डॅशबोर्ड, नाहीतर त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत दिसत राहील. मूळ पातळीच एवढी खाली असल्यामुळे तेलाचा अगदी पुसट थर चढला तरी तो भाग शेजारच्या भागापेक्षा लगेच उठून दिसतो. म्हणजे डोळ्यांना खूप वाटणारी चकाकी खरं तर फारच थोड्या मळाचीही असू शकते. यात आशेला जागा आहे.

मग ओळखायचं कसं? माझा पहिला अंदाज जागेवरून असतो. जिथे उघडी कातडी लागते तिथे बहुधा मळ असतो: आर्मरेस्ट, स्टिअरिंग, गिअरची मूठ, दाराचं हँडल. जिथे कपडे घासतात तिथे बहुधा झीज असते: सीटचा दाराकडचा उंचवटा, बसण्याच्या भागाची पुढची कड. हेडरेस्ट हा मळाच्या बाजूचा, कारण तिथे केसांचं तेल. तुमच्या तीन जागांपैकी आर्मरेस्ट आणि स्टिअरिंगबद्दल मी आशावादी आहे. उंचवट्याबद्दल नाही. गाडीत चढता-उतरता प्रत्येक वेळी अख्ख्या शरीराचा भार त्या एका कडेवरून घसरत जातो, वर जीन्सच्या शिवणी, कमरेचा पट्टा, खिशातल्या किल्ल्या. त्यात तुम्ही तिथे मॅजिक स्पंज चालवलाय. पण हा अंदाज झाला. तपासल्याशिवाय मी माझ्या अंदाजावरही काम सुरू करत नाही.

तपासणीच्या आधी डॅशबोर्ड पॉलिश उतरवावं लागेल, नाहीतर तुम्ही रेक्झिन न तपासता पॉलिशच तपासत बसाल. चकाकणारी बहुतेक पॉलिशं सिलिकॉन तेलावर चालतात. ते तेल खळग्यांत बसतं आणि सगळा भाग सारखाच ओलसर, गडद दिसायला लागतो. म्हणून दोन दिवस ‘बरं’ वाटतं. नंतर कपड्यांनी ते उंच भागावरून पुसलं जातं, खालच्या भागात राहतं, धूळ धरतं, आणि पट्टा पुन्हा वर येतो. सौम्य साबणाच्या पाण्याने ते एका फेरीत निघत नाही. पातळ केलेल्या ऑल पर्पज क्लीनरने दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात.

मग असं करा. खराब पट्ट्याच्या मधोमध रंगकामाची कागदी टेप चिकटवा, कमी चिकट असलेली. टेपच्या एका बाजूचा हाताच्या पंजाएवढा भाग खाली सांगतो तसा स्वच्छ करा, दुसऱ्या बाजूला हात लावू नका. पूर्ण सुकू द्या. पूर्ण म्हणजे खरंच पूर्ण, निदान अर्धा तास, कारण ओलं रेक्झिन नेहमीच चकाकतं आणि अर्धवट सुकलेलं रेक्झिन सगळ्यांना फसवतं. मग टेप काढा, गाडी सावलीत घ्या आणि टॉर्च सीटला जवळजवळ चिकटवून आडवा उजेड टाका. वरून पाहून काहीच कळत नाही. आडव्या उजेडात दाण्याचे खळगे काळे दिसतात आणि उंचवटे उजळ. खळगे मोकळे झालेले दिसले की मळ निघाला. दाणा दिसतोय पण त्याची टोकं आरशासारखी चमकताहेत, तर टोकं झिजलीत.

सोबत दोन खुणा पाहायच्या. पांढरं फडकं वापरा, म्हणजे ते काय उचलतंय हे दिसेल. पिवळट-तपकिरी मळ येत असेल तोवर सफाईला अर्थ आहे. फडकं स्वच्छ यायला लागलं आणि चकाकी तशीच, तर तुमचं क्लीनिंगचं काम संपलं. फडक्यावर रेक्झिनचाच रंग यायला लागला तर त्याच क्षणी थांबा, वरचा लेप तिथे गेलाय. दुसरी खूण पाण्याच्या थेंबाची. स्वच्छ, न वापरल्या गेलेल्या भागावर एक थेंब ठेवा आणि पट्ट्यावर एक. पट्ट्यावरचा थेंब जास्त गोल उभा राहिला तर तिथे तेल किंवा सिलिकॉन शिल्लक आहे. ही खूण शंभर टक्के पक्की नाही, लेप कोणता आहे त्यावर थोडा फरक पडतो, पण टॉर्चच्या जोडीला उपयोगी पडते. तुलनेसाठी मूळ चेहरा कसा होता ते पाहायचं असेल तर मागच्या सीटची पाठ किंवा ड्रायव्हरच्या सीटची गिअरकडची बाजू बघा.

आता सफाई. पहिलं काम व्हॅक्यूमचं, मऊ ब्रशचं तोंड लावून, कारण दाण्यात अडकलेली वाळू तशीच ठेवून ब्रश फिरवलात तर तुम्ही पॉलिश पेपरच चालवताय. मग क्लीनर. सुरुवात नेहमी सौम्याने: कोमट पाण्यात थोडा न्यूट्रल साबण, म्हणजे पीएच ७ च्या आसपासचा. आर्मरेस्टसारख्या तेलकट जागेला तो पुरत नाही, तिथे किंचित अल्कधर्मी ऑल पर्पज क्लीनर लागतो, एका भागाला दहा भाग पाणी. बाटलीवर वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा. त्वचेचं तेल हा स्निग्ध पदार्थ, तो अल्कधर्मी द्रावणात सुटतो. म्हणून योग्य क्लीनर असेल तर जोर लागतच नाही.

जोर लागत नाही, पण वेळ लागतो. सगळे चुकतात ते इथे. फवारलं, लगेच खसाखसा घासलं, पुसलं, ‘काही फरक नाही’. वर्षानुवर्षं उन्हात तापून जुनं झालेलं तेल वार्निशसारखं घट्ट झालेलं असतं. त्याला मऊ व्हायला अर्धा ते एक मिनिट द्या. तेवढ्यात क्लीनर सुकायला लागला तर भाग छोटा घ्या. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत किंवा तापलेल्या सीटवर हे काम करूच नका. मग मऊ ब्रशने, घोड्याच्या केसांचा असेल तर उत्तम, हलक्या हाताने गोल गोल फिरवा. ब्रशचे केस वाकता कामा नयेत. वाकले की टोकं दाण्यात जातच नाहीत, नुसती वरून घसरतात. फेस मळकट झाला की मायक्रोफायबरने टिपून घ्या, मग नुसत्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसा. हे शेवटचं पुसणं टाळू नका, कारण मागे राहिलेला क्लीनरही सुकल्यावर चिकट थर होतो आणि नवा मळ धरतो. ‘साफ केल्यावर सीट लवकर मळते’ ही तक्रार जवळपास नेहमी इथूनच येते.

द्रव सीटवर फवारण्याऐवजी ब्रशवर किंवा फडक्यावर घ्या. सीट दिसते तेवढी साधी राहिलेली नाही. अनेक गाड्यांत उंचवट्याच्या शिवणीमागे साइड एअरबॅग असते, शेजारच्या सीटच्या गादीखाली कोणी बसलंय का हे ओळखणारा सेन्सर असतो, काहींत गरम करणाऱ्या तारा. बारीक भोकांचं रेक्झिन असेल तर पाणी थेट फोममध्ये उतरतं आणि दोन दिवसांनी कुबट वास येतो.

अशा दोन-तीन फेऱ्या, मध्ये सुकवून. प्रत्येक फेरीला थोडा फरक दिसत असेल तर चालू ठेवा. आर्मरेस्टवर तर मला एका फेरीत निकाल अपेक्षितच नसतो. तिथे नुसता घाम नसतो, हँडक्रीम असतं, सनस्क्रीन असतं, सॅनिटायझर असतं. सनस्क्रीन आणि डीट असलेलं डास पळवणारं मलम यांनी तर रेक्झिनचा वरचा लेप मऊ पडू शकतो, आणि तसं झालं असेल तर आपण मळ समजून घासतोय तो भाग खरं तर विरघळलेला लेप असतो. बोटाला तो चिकट, किंचित रबरासारखा लागतो. सॅनिटायझरचंही तसंच: वर्षभर रोज अल्कोहोल लागलेली आर्मरेस्ट मळकी कमी आणि उघडी जास्त निघते.

यानंतरही डाग हटत नसेल आणि खूण मळाचीच असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि पाणी पाच-सहा भाग, फडक्यावर घेऊन एक-दोनदा हलकं पुसायचं आणि लगेच पाण्याने पुसून टाकायचं. आधी सीटखालच्या न दिसणाऱ्या जागी करून बघा. निव्वळ अल्कोहोल नको. वाफेचं मशीन असेल तर तेही चांगलं काम करतं, पण नळीच्या तोंडाला मायक्रोफायबर गुंडाळून, एका जागी न थांबता, आणि शिवणी, बटणं, एअरबॅगची झाकणं सोडून.

मॅजिक स्पंजबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तो जवळपास प्रत्येक घरात आहे आणि त्याच्यावर लोकांचा फार विश्वास. तो हाताला मऊ लागतो, म्हणून निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात तो मेलामाइन रेझिनचा फोम आहे, मायक्रॉनच्या मापाची कडक जाळी. ती काही विरघळवत नाही, खरवडते. बुटाच्या पांढऱ्या सोलवर हे छान चालतं, कारण सोल ठोस असतो, वरचा थोडा गेला तर आतला तसाच असतो. रेक्झिनचा मॅटपणा मात्र फक्त सगळ्यात वरच्या लेपात आहे. त्यावर स्पंज फिरवणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवणं. पहिल्यांदा मळ आणि थोडा लेप एकत्र जातो, म्हणून जादू वाटते. नंतरच्या प्रत्येक वेळी नुसता लेप जातो. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा हे त्याच जातीचे. अगदीच वापरायचा तर बुटाच्या काळ्या ओरखड्यासारख्या एखाद्या रेघेवर, भिजवून, बोटाच्या टोकाने, दोन-तीन वेळा. अख्ख्या पट्ट्यावर कधीच नाही.

थिनर, अॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यांच्याकडे तर पाहूही नका. कारण समजून घेतलं तर पुन्हा मोह होणार नाही. पीव्हीसी मुळात कडक असतं, पाण्याच्या पाइपाइतकं. ते मऊ होतं ते त्यात प्लास्टिसायझर मिसळल्यामुळे. १९२६ मध्ये अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन यांना ही युक्ती सापडली आणि तिथून मऊ व्हिनाइलचा सगळा कारभार सुरू झाला. हा प्लास्टिसायझर पीव्हीसीला रासायनिकरीत्या बांधलेला नसतो, रेणूंच्या मध्ये नुसता बसलेला असतो. थिनरसारखा सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव, लागला की वरचा लेप फुगतो आणि प्लास्टिसायझर त्याच्यासोबत बाहेर येतो. त्या वेळी जागा स्वच्छ आणि मॅट दिसते, म्हणून लोक खूश होतात. काही महिन्यांनी ती कडक पडते आणि घडीच्या जागी तडकते.

यातूनच लेदर कंडिशनरचाही निकाल लागतो. ‘रेक्झिन कोरडं पडलंय, त्याला पोषण द्या’ असं सांगणारे भेटतील. रेक्झिन काही पीत नाही. वर लेप, खाली प्लास्टिक. कंडिशनर वरच बसून राहतो आणि ज्या चकाकीवर तुम्ही वैतागलात त्यात भर घालतो. गेलेला प्लास्टिसायझर वरून चोळून परत आत जात नाही.

समजा टेपच्या चाचणीत कळलं की उंचवटा झिजलाय. माझा अंदाज तिथेच झुकतोय, म्हणून त्यापुढचं सांगतो. पहिला पर्याय, आहे तसं राहू द्यायचं. हे मी गंमतीने म्हणत नाही. दाणा शाबूत असेल, तडा नसेल, नुसती टोकं चमकत असतील तर ती झीज दिसण्यापुरती आहे. पूर्ण स्वच्छ करून त्यावर पाण्यावर आधारित मॅट प्रोटेक्टंट, म्हणजे वरून लावायचं संरक्षक द्रव्य, फडक्याने पातळ लावला आणि जादाचा लगेच पुसून घेतला, की फरक बऱ्यापैकी कमी होतो. प्रोटेक्टंट गेलेला लेप परत आणत नाही, शेजारच्या भागाशी थोडं जुळवून देतो आणि यूव्हीपासून थोडं संरक्षण देतो. काही आठवड्यांनी पुन्हा लावावा लागेल. लेबलवर ‘मॅट’ किंवा ‘नॅचरल फिनिश’ लिहिलेलं असावं आणि सुकल्यावर हाताला तेलकट लागू नये. लागलं तर ते चुकीचं आहे.

दुसरा पर्याय, पुन्हा फिनिश करणं. मळ आणि सिलिकॉन शून्यावर आणायचं, बारीक घासणीने अगदी हलकं खरखरीत करायचं, मग व्हिनाइलसाठीचा लवचीक रंग, पाण्यावर आधारित, पातळ थरांत, आणि शेवटी मॅट टॉपकोट, हार्डनर घालून. इथे एक गोष्ट बाहेरून कळत नाही: काळ्या सीटवर रंग जुळवणं सोपं असतं, चकाकी जुळवणं अवघड. टॉपकोटमध्ये मॅट करणारं द्रव्य किती घालायचं यावर सगळं. कमी पडलं तर नवा पट्टा पुन्हा चमकतो, जास्त झालं तर राखाडी, खडू फासल्यासारखा दिसतो. म्हणून मी आधी त्याच सीटच्या न दिसणाऱ्या जागी नमुना काढतो, सुकवतो आणि दिवसाच्या उजेडात पाहतो. आणि रंग पट्ट्यापुरता मारायचा नाही, शिवणीपासून शिवणीपर्यंतचा पूर्ण तुकडा घ्यायचा. शिवणीवर फरक डोळ्यांना खपतो, मध्येच नाही. घरी हौसेने करणाऱ्याला हे जमणार नाही असं मी म्हणत नाही, पण सिलिकॉन थोडा जरी राहिला तरी रंग माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे धरतो, आणि तुम्ही तिथे पॉलिश लावलंय. त्यामुळे तुमच्या सीटला हे काम सराव असलेल्या माणसाकडून करून घेतलेलं बरं.

तिसरा पर्याय तेव्हा, जेव्हा तडे खालच्या कापडापर्यंत गेलेत. मग रंग हा वेळकाढूपणा. तडा प्रत्येक बसण्याला उघडतो आणि रंग त्या रेषेवर फुटतो. चांगला अपहोल्स्ट्रीवाला अख्खी सीट न बदलता तेवढाच तुकडा उसवून नवा शिवू शकतो. दाणा जुळणारं रेक्झिन मिळतं का एवढाच प्रश्न. उंचवट्यात एअरबॅग असेल तर मात्र ती शिवण मुद्दाम ठरावीक ताकदीला फुटेल अशी केलेली असते. ती कोणालाही साध्या दोऱ्याने शिवू देऊ नका, तिथे कंपनीचं कव्हरच घ्या.

हीटगनने दाणा ‘परत उठवायचा’ सल्लाही तुम्हाला कुठेतरी दिसेल. दाणा मुळात उष्णता आणि दाब देऊन उमटवलेला असतो, साचा नसताना नुसती उष्णता दिली तर तो बसतो, आणि त्या जागी आधीपेक्षा मोठा काचेसारखा डाग तयार होतो. दुरुस्तीवाले दाण्याचा साचा दाबून हे करतात, पण ते भोक बुजवताना, चकाकीसाठी नाही. उलट लहान मुलाच्या सीटखाली किंवा जड सामानाखाली दबून चमकणारी जागा असेल तर तिला काहीच करू नका. भार काढल्यावर, गाडीच्या नेहमीच्या उबेत, त्यातलं थोडं आपोआप भरून येतं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण डॅशबोर्डवरही तसेच पट्टे दिसायला लागले तर तिथलं गणित वेगळं आहे. तिथे घासणारं कोणी नसतं, तिथला शत्रू उष्णता. अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, कडक उन्हात तासभर उभ्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापले होते, तर सीटा ५१ च्या आसपास होत्या. एवढ्या तापमानाला रबरी मॅट किंवा फोन होल्डरचं चिकट तळ डॅशबोर्डवर ठेवलं, की दोघांमधली मऊ करणारी द्रव्यं इकडून तिकडे सरकतात आणि मॅटच्या आकाराचा तुकतुकीत ठसा राहतो. तो पुसून जात नाही.

स्टिअरिंग शेवटी ठेवलं कारण ते बहुधा पीव्हीसी नसतं. साधं स्टिअरिंग पॉलियुरेथेन फोमचं, वरच्या मॉडेलचं चामड्याचं, वर रंग आणि लेप. सफाईची पद्धत तीच, फक्त पाणी कमी, ब्रश आणखी मऊ, आणि बटणांच्या फटींसाठी फडकं गुंडाळलेली काडी. मळ निघाल्यावर पकड एकदम कोरडी लागते, ती तशीच हवी. तिथे, पेडलवर आणि गिअरच्या मुठीवर कोणतंही पॉलिश किंवा प्रोटेक्टंट लावू नका, हात घसरणं परवडणारं नाही. साफ करून, सुकवूनही स्टिअरिंग किंवा दाराची बटणं चिकटच लागत असतील, बोटाला काळं येत असेल, तर तो वरचा मऊ लेप जुना होऊन विघटित होतोय. त्याला क्लीनर नाही, भाग बदलणं किंवा पुन्हा फिनिश करणं हेच.

तुमच्या गाडीसाठी क्रम असा ठेवा: आधी सगळीकडचं पॉलिश उतरवा, मग आर्मरेस्टवर टेप लावून चाचणी घ्या, कारण तिथे यश मिळण्याची शक्यता जास्त आणि हातालाही अंदाज येतो. मग स्टिअरिंग. उंचवट्यावर जास्तीत जास्त दोन सौम्य फेऱ्या, त्यानंतर फडकं स्वच्छ येत असेल तर तिथेच थांबा आणि मॅट प्रोटेक्टंट लावून दोन-चार आठवडे बघा. रंगवायचं की नाही हे त्यानंतर ठरवा. रंगवायचं ठरलं तर त्याआधी पंधरा दिवस प्रोटेक्टंट लावणं बंद ठेवा आणि रंगवणाऱ्याला तिथे आधी काय काय लावलं होतं, मॅजिक स्पंजसकट, ते सगळं सांगा. त्याला किती तयारी करावी लागेल हे त्यावरच ठरतं.